संगीत नाटकातले गायक-नट: त्यांचं आयुष्य आणि त्यांचा व्यवसाय (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

संगीत नाटकाला ऑर्गनची साथ करायला लागून मला तीसेक वर्षं झाली. प्रयोग संपला की दोन-चार माणसं हमखास पुढं येतात, ऑर्गनच्या खुंट्यांना हात लावून बघतात आणि मग विचारायला लागतात. प्रश्न बहुतेक तेच असतात. उत्तरं द्यायला मला मनापासून आवडतं, पण सामान आवरायची घाई असते, टेम्पोवाला बाहेर हॉर्न वाजवत असतो. म्हणून ती इथं सवडीनं लिहून ठेवतो आहे. जुन्या गायक-नटांच्या दंतकथा आपल्याकडं भरपूर सांगितल्या जातात. मला त्यांच्या कामाबद्दल सांगायचं आहे: ते काम कसं शिकत, कसं करत, त्यातून काय मिळवत आणि काय गमावत.

गायक-नट हा प्रकार सुरू कधी झाला?

मराठी रंगभूमीची सुरुवात आपण 1843 सालापासून मोजतो. सांगलीला विष्णुदास भाव्यांनी चिंतामणराव पटवर्धनांच्या आश्रयानं 'सीतास्वयंवर' केलं. त्यात गाणं होतंच, पण गायचा सूत्रधार. बाकीची पात्रं हावभाव करायची आणि वेळेला सुचेल ते बोलायची. म्हणजे अख्ख्या मंडळीत गळा एकाचा असला तरी भागायचं.

31 ऑक्टोबर 1880 ला पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांनी 'शाकुंतल' रंगभूमीवर आणलं आणि त्यात पात्रं स्वतः गाऊ लागली. वरवर छोटा वाटणारा हा बदल. पण दुसऱ्या दिवसापासून कंपनीच्या मालकाला प्रत्येक मुख्य भूमिकेसाठी गळा असलेला माणूस शोधणं भाग पडलं. गायक-नट नावाचा पेशा तिथून उभा राहिला. 1882 च्या 'सौभद्र'नं तो घरोघरी पोचवला. अण्णासाहेब स्वतः 1885 मध्ये गेले; जेमतेम पाच वर्षांत एवढं करून गेले.

सुरुवातीची पदं साकी, दिंडी, कामदा अशा कीर्तनातून कानावर पडलेल्या चालींवर असत. चांगला गळा आणि स्पष्ट उच्चार एवढी शिदोरी पुरायची. 1911 ला 'मानापमान' आलं, त्याला गोविंदराव टेंब्यांनी ठुमरी-दादऱ्याच्या अंगाच्या चाली दिल्या. 1916 ला 'स्वयंवर' आलं, त्याच्या चाली भास्करबुवा बखल्यांच्या, रागदारीत मुरलेल्या. त्यानंतर नुसता गोड गळा पुरेना. नटाला उस्तादापुढं किंवा बुवापुढं बसून रीतसर तालीम घ्यावी लागू लागली.

मुलं कंपनीत कशी येत? घरचे सोडत कसे?

बहुतेकदा कुणाच्या तरी कानावर आवाज पडायचा. देवळात, भजनात, शाळेच्या समारंभात. कंपनीचा माणूस घरी यायचा, किंवा मुलगाच पळून यायचा. घरच्यांच्या विरोधाचं कारण समजण्यासारखं होतं: 'नाटक्या' ही तेव्हा शिवी होती. नाटकात गेलेल्या मुलाला मुलगी द्यायला लोक कचरत. पण घरात खाणारी तोंडं जास्त आणि मिळकत नाही, अशा वेळी कंपनीचं बोर्डिंग हा मोठा आधार असे. दोन वेळचं जेवण, कपडालत्ता आणि शिकवायला कुणीतरी.

केशवराव भोसले कोल्हापूरचे, जन्म 1890 चा. लहानपणीच स्वदेशहितचिंतक मंडळीत गेले आणि 'शारदा'तली शारदा करून त्यांनी लोकांना वेड लावलं. वयाच्या अठराव्या वर्षी, 1908 साली, हुबळीला त्यांनी 'ललितकलादर्श' ही स्वतःची कंपनी काढली. दीनानाथ मंगेशकर पोरवयात किर्लोस्कर मंडळीत आले आणि 1918 मध्ये चिंतामणराव कोल्हटकर आणि कृष्णराव कोल्हापुरे यांच्याबरोबर त्यांनी 'बलवंत संगीत मंडळी' उभी केली. तेव्हा त्यांना अठराही पुरी झाली नव्हती. त्या वयात आपल्याकडची मुलं कॉलेजचे फॉर्म भरत असतात. ही मुलं पन्नास-साठ माणसांच्या पगाराचा विचार करत होती.

कंपनीतला दिवस ठरलेला असे. सकाळी रियाज, मग नकला पाठ करणं, दुपारी तालीम. 'नक्कल' म्हणजे नटाच्या वाट्याचं भाषण लिहून काढलेली वही. अख्खं नाटक प्रत्येकाला मिळत नसे. आपलं भाषण आणि त्याआधीचे समोरच्याचे दोन-चार शब्द, एवढंच हातात. तालीममास्तर कडक असत. एकेक वाक्य पन्नासदा म्हणवून घेत.

मुलांचा आवाज फुटल्यावर काय व्हायचं?

हा प्रश्न फार कमी लोक विचारतात, आणि मला तो सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. तेराव्या-चौदाव्या वर्षापर्यंत ज्या गळ्यावर कंपनी चालायची, तो एका मोसमात घोगरा व्हायचा. काहींचा आवाज वर्षा-दोन वर्षांत पुन्हा बसायचा, चांगला व्हायचा. अनेकांचा नाही. मग तो मुलगा शिपायाची, सेवकाची कामं करायचा, पडदे ओढायचा, नकला लिहायचा, तिकिटावर बसायचा. घरी परत जायचं तर शिक्षण अर्धवट सुटलेलं. बालमोहन नाटक मंडळी ही मुलांचीच कंपनी. तिथं सौदागर गोरे गाजले आणि 'छोटा गंधर्व' म्हणून पुढं साठ वर्षं गायले. त्यांचं नाव आपल्याला माहीत आहे, कारण त्यांचा आवाज टिकला.

पुरुष बायकांची कामं का करत?

कुलीन घरातल्या स्त्रीनं रंगमंचावर उभं राहणं समाजाला मान्य नव्हतं, आणि कलावंतिणींना घेतलं तर कंपनीची प्रतिष्ठा जाईल अशी मालकांना धास्ती. म्हणून 'स्त्रीपार्टी' नट हा कंपनीचा खरा आधारस्तंभ झाला. भाऊराव कोल्हटकर 1882 मध्ये बडोद्याहून आले आणि सुभद्रेच्या भूमिकेनं त्यांनी किर्लोस्कर मंडळीचं भाग्य पालटलं. वय वाढल्यावर ते पुरुषभूमिकांकडे वळले. 1899 च्या 'शारदा'त त्यांनी कोदंड केला. 1901 मध्ये ते गेले. वय अवघं सदतीस.

1905 मध्ये किर्लोस्कर मंडळीत नारायण श्रीपाद राजहंस आले, म्हणजे आपले बालगंधर्व. 'मानापमान'तली भामिनी, 'स्वयंवर'तली रुक्मिणी, 'एकच प्याला'तली सिंधू. त्यांच्या साडीच्या आणि दागिन्यांच्या तऱ्हा बघून बायका तसं नेसू लागल्या, हे जुन्या लोकांनी इतक्यांदा सांगितलं आहे की मी पुन्हा सांगत नाही. मला त्यापेक्षा सिंधू जास्त महत्त्वाची वाटते. भामिनी आणि रुक्मिणीचे शालू सोडून त्यांनी ठिगळ लावलेलं लुगडं नेसलं आणि जात्यावर बसून गायले. सौंदर्यासाठी ज्याचं नाव झालं होतं त्या नटानं 1919 साली हे करणं सोपं नव्हतं.

तयारीला दोन-अडीच तास सहज लागत. दाढी घोटून केलेली, त्यावर सफेदा आणि पिवडीचा हात, केसांचा टोप, मग नेसणं. ते सगळं अंगावर घेऊन पाच अंक उन्हाळ्यातही गायचं. पंख्याची सोय नाही. रंगपटात बसून एकदा हे डोळ्यांसमोर आणून बघा.

मग स्त्रिया रंगभूमीवर कधी आल्या?

आपण समजतो त्यापेक्षा आधी. फक्त स्त्रियांच्या अशा नाटक मंडळ्या एकोणिसाव्या शतकातच होत्या आणि त्यांत पुरुषांच्या भूमिकाही बायकाच करत. दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमलाबाई यांनी 1913 मध्ये फाळक्यांच्या 'मोहिनी भस्मासुर' या मूकपटात काम केलं, त्या रंगभूमीवरूनच आलेल्या. पुढं हिराबाई बडोदेकरांनी भावंडांना घेऊन नाटकं केली. 1 जुलै 1933 ला 'आंधळ्यांची शाळा'मध्ये ज्योत्स्नाबाई भोळे आणि पद्माबाई वर्तक उभ्या राहिल्या आणि स्त्रीची भूमिका स्त्रीनंच करावी हे प्रतिष्ठितांच्या गळी उतरलं. 1942 च्या 'कुलवधू'नंतर तर ज्योत्स्नाबाईंशिवाय गाणाऱ्या नायिकेची कल्पनाच लोकांना करवेना.

यात एक अन्याय राहून गेला आहे. हिराबाईंच्या आधी ज्या बायका कलावंतीण म्हणून हिणवल्या गेल्या, त्यांच्याच घरांतून ठुमऱ्या, दादरे, नाट्यपदांच्या चाली आल्या. पदाखाली नाव लागलं संगीत दिग्दर्शकाचं. त्या बायकांची नावं बहुतेक ठिकाणी लिहिलीच गेली नाहीत.

पैसे किती मिळत?

कुठं बसला होतात त्यावर. कंपनीत मालक किंवा भागीदार, पगारी नट आणि बाकीची माणसं असे थर असत. बाकीची म्हणजे आचारी, शिंपी, धोबी, न्हावी, पडदेवाले, दिवाबत्तीवाले, साथीदार. सगळे एकाच बिऱ्हाडात राहत, एकाच पंगतीला जेवत. पगार थोडा, पण राहणं-खाणं कंपनीचं. पावसाळ्यात बहुधा मोठ्या गावी मुक्काम ठोकून नव्या नाटकाच्या तालमी चालत. तेव्हा उत्पन्न कमी आणि पंगत मात्र तेवढीच.

गायक-नटाला पगाराबाहेर बैठकी, जलसे, संस्थानिकांची बिदागी मिळे, आणि ध्वनिमुद्रिकांचे पैसे. त्या काळच्या तबकडीच्या एका बाजूवर तीन-सव्वातीन मिनिटं मावत. रंगमंचावर वीस मिनिटं आळवलेलं पद त्यात कोंबायचं म्हणजे काय टाकायचं आणि काय ठेवायचं याची वेगळीच अक्कल लागते. आज आपण जी 'मूळ' नाट्यपदं ऐकतो ती अशी आटवलेली आहेत, हे ऐकताना लक्षात ठेवावं.

इतकी लोकप्रियता असून हे लोक कर्जात का बुडाले?

उधळपट्टी केली म्हणून, असं सोपं उत्तर लोक देतात. तेवढ्यावर माझं समाधान होत नाही.

गंधर्व नाटक मंडळीचं बघा. 1913 मध्ये बालगंधर्व, गणपतराव बोडस आणि गोविंदराव टेंबे या तिघांनी ती काढली. बालगंधर्वांना प्रेक्षकासमोर खोटं काही ठेवायचं नसे. शालू खरे, अत्तर खरं, गालिचे खरे, साथीला तबल्यावर अहमदजान थिरकवा आणि सारंगीवर कादरबक्ष. एवढ्या तोलामोलाची साथ तेव्हा मैफलीतही सहज मिळत नसे. हा सगळा खर्च प्रयोगाच्या दर्जासाठी होता आणि प्रेक्षकांनी तो दोन्ही हातांनी घेतला. पण हिशेब बघणारं माणूस उरलं नाही. टेंबे बाहेर पडले, बोडस बाहेर पडले. सगळा डोलारा एका गळ्यावर. तो गळा एक आठवडा बसला की प्रयोग बंद, आणि शंभरेक माणसांचं जेवण चालू.

त्या धंद्याची घडणच तशी होती. भांडवल म्हणजे नटाचा आवाज. तो गहाण ठेवता येत नाही, विमा उतरवता येत नाही, मुलाच्या नावावर करता येत नाही. सावकार मात्र कर्ज पडद्यांवर आणि कपड्यांवर देतो. मुंबई इलाख्यात 1923 च्या कायद्यानं करमणूक कर आला, तो भारही तिकिटावर बसला. दीनानाथांनी कंपनी तरावी म्हणून बोलपट काढला, त्यात उलट बुडाले. 1942 च्या एप्रिलमध्ये ते गेले तेव्हा वय एक्केचाळीस. थोरली मुलगी बारा वर्षांची. तिनं घर चालवण्यासाठी सिनेमात कामं धरली. पुढचं सगळं जगाला माहीत आहे, पण सुरुवात गाण्याच्या हौसेनं झाली नव्हती.

मुलीचं निधन झालं त्या दिवशी बालगंधर्वांनी प्रयोग केला, हे खरं का?

खरं. 12 मार्च 1911, 'मानापमान'चा पहिला प्रयोग. त्यांची लहानगी मुलगी त्याच दिवशी गेली. प्रयोग पुढं ढकलू असं सांगितलं गेलं, त्यांनी ऐकलं नाही. भामिनीचं काम केलं.

ही गोष्ट निष्ठेचं उदाहरण म्हणून सांगतात. मला ती ऐकवत नाही. बाहेर तिकिटं विकली गेली आहेत, नव्या नाटकावर कंपनीचा पैसा लागला आहे आणि माणूस बावीस वर्षांचा आहे. त्या रात्री त्याच्यासमोर खरोखर किती वाटा मोकळ्या होत्या, याचा विचार ही गोष्ट सांगताना कुणी करत नाही.

संयुक्त 'मानापमान' म्हणजे काय?

8 जुलै 1921 ला मुंबईत टिळक स्वराज्य फंडासाठी गंधर्व मंडळी आणि ललितकलादर्श यांनी मिळून केलेला प्रयोग. भामिनी बालगंधर्व, धैर्यधर केशवराव भोसले. दोघंही स्वतंत्र कंपन्यांचे मालक आणि एकमेकांचे स्पर्धक. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये केशवराव गेले, एकतिसाव्या वर्षी.

वन्समोअर खरोखर इतके घेत?

घेत, आणि अजूनही घेतात. पद संपलं, टाळी पडली, पिटातल्या प्रेक्षकांतून 'वन्समोअर' आलं की नट पुन्हा सुरुवात करतो, आणि पुन्हा तेच गायचं नसतं. जागा वेगळी, तान वेगळी, एखादी ओळ तीन प्रकारांनी. रात्री नऊला सुरू झालेलं पाच अंकी नाटक पहाटेपर्यंत जाई ते यामुळं.

कथेचा जीव जातो ही तक्रार जुनी आहे आणि खोटी नाही. पण तुम्ही प्रेक्षागृहातून गाणाऱ्याकडं बघत असता. मी बाजूनं बघतो, तेव्हा मला समोरचं पात्र दिसतं. मी एकदा घड्याळ लावून पाहिलं. नायक तिसऱ्यांदा अंतरा घेत होता आणि नायिका हातात पत्र धरून अकरा मिनिटं उभी होती. ते पत्र तिनं एकदाही खाली केलं नाही. दर वेळी समेवर डोळे उचलायची, जणू ती ओळ पहिल्यांदाच कानावर पडते आहे. टाळ्या नायकाला मिळाल्या. प्रयोगानंतर तिच्या बोटांना मुंग्या आल्या होत्या, पत्र चोळामोळा झालं होतं.

ऑर्गनच का? साधी पेटी का नाही?

गंधर्व मंडळीच्या काळात ऑर्गन नाटकात रुजला. हातपेटीत एक हात भात्यावर जातो. ऑर्गनचा भाता पायानं चालतो, त्यामुळं दोन्ही हात पट्ट्यांवर मोकळे राहतात आणि सूर न तुटता लांबत जातो. खुंट्या ओढून बदलल्या की आवाज कधी बासरीसारखा, कधी भरदार. गाणाऱ्याच्या मागं तो एक गालिचा पसरल्यासारखा राहतो.

सांभाळायला फार कटकटीचा. बहुतेक जुने ऑर्गन परदेशी बनावटीचे, शंभरी ओलांडलेले. पावसाळ्यात लाकूड फुगतं आणि पट्ट्या दाबलेल्या तशाच राहतात. भात्याचं कापड उंदरांना फार आवडतं. दुरुस्त करणारे कारागीर हातावर मोजण्याइतके उरले आहेत. त्यामुळं किरकोळ कामं आम्ही वादकच शिकलो आहोत.

कोकणातल्या एका देवळाच्या उत्सवात 'सौभद्र' चालू असताना माझ्या डाव्या पायाखालचा पट्टा तुटला. भात्यातली हवा संपत गेली आणि सूर हळूहळू मावळला. सुभद्रेचं काम करणाऱ्या मुलीनं तिरक्या नजरेनं माझ्याकडं एकदाच बघितलं. तबलजींनी ठेका किंचित हलका केला आणि तिनं उरलेलं सगळं पद तबल्यावर गाऊन संपवलं, षड्ज तसूभर न ढळू देता. मी तोवर लोड काढून, पालथा पडून कमरेचा पट्टा पायट्याला बांधत होतो. पुढच्या पदाला सूर दिला तेव्हा ती अगदी बरोबर माझ्याच सुरात होती. त्या मुलीला मी त्या दिवसापासून मानतो.

माईक नव्हते, मग शेवटच्या रांगेपर्यंत आवाज कसा जाई?

तीन गोष्टी. पहिली, चढा सूर. केशवराव, दीनानाथ यांच्या पट्ट्या आजच्या पुरुष गायकाला झेपत नाहीत. उंच आणि टोकदार आवाज गर्दीच्या गलबल्यातून वाट काढतो. दुसरी, शब्द फेकण्याची तालीम. जोडाक्षर खायचं नाही, वाक्याचं शेवटचं अक्षर पडू द्यायचं नाही. तिसरी, वास्तू. कोल्हापूरचं पॅलेस थिएटर शाहू महाराजांनी बांधलं, पुढं त्याला केशवराव भोसल्यांचं नाव दिलं. तिथं माईकशिवाय शेवटपर्यंत ऐकू जायचं. 8 ऑगस्ट 2024 च्या रात्री, केशवरावांच्या जयंतीच्या आदल्या रात्री, ते आगीत गेलं. दुसऱ्या दिवशी कोल्हापुरातले म्हातारे कलावंत त्या भिंतींपुढं उभे राहून रडत होते.

बोलपटांनी संगीत नाटक मारलं का?

मारलं नाही, माणसं नेली. 1931 ला 'आलम आरा', 1932 ला 'अयोध्येचा राजा'. त्यातला हरिश्चंद्र म्हणजे गोविंदराव टेंबेच. मास्टर कृष्णराव 'प्रभात' या चित्रपट कंपनीला संगीत देऊ लागले. बालगंधर्वांनीही 1935 च्या 'धर्मात्मा'त एकनाथ केले, पण तुकड्यातुकड्यांनी, समोर प्रेक्षक नसताना काम करणं त्यांना मानवलं नाही. थिएटरवाल्यालाही हिशेब कळत होता: नाटक कंपनी आली की शंभर माणसं उतरवून घ्या, सिनेमाची पेटी एक माणूस घेऊन येतो.

तरी परंपरा तुटली नाही. भालचंद्र पेंढारकरांनी ललितकलादर्श चालू ठेवली. जयराम आणि जयमाला शिलेदारांनी 1949 मध्ये 'मराठी रंगभूमी' संस्था काढली, पुढं त्यांच्या लेकीनं, कीर्तीताईंनी, ती 2022 पर्यंत, म्हणजे शेवटच्या श्वासापर्यंत जपली. साठच्या दशकात तर दुसरा बहरच आला. विद्याधर गोखल्यांचं 'पंडितराज जगन्नाथ', 'मंदारमाला'. 1964 चं 'मत्स्यगंधा', गायला रामदास कामत आणि चाली अभिषेकीबुवांच्या. 1967 चं 'कट्यार काळजात घुसली'. 'कट्यार'चे वसंतराव देशपांडे त्याआधी लष्करी हिशेब खात्यात कारकुनी करत होते, हेही लक्षात असू द्या. गळा असा असतानाही पोटासाठी फायलीच.

तमाशा-लावणीच्या कलावंतांचं आयुष्य याहून वेगळं होतं का?

काम तेच, मान वेगळा. दसऱ्याला फड बाहेर पडायचा तो चैत्र-वैशाखाच्या जत्रा उरकूनच परतायचा. नारायणगावला गुढीपाडव्याच्या सुमारास राहुट्या लागतात, गावोगावचे पुढारी येऊन सुपारी ठरवतात. आज या गावी, उद्या त्या. रात्रभर गण, गवळण, बतावणी, वग, आणि दिवसा ट्रकमध्ये झोप. विठाबाई नारायणगावकरांनी राष्ट्रपतींच्या हातून सन्मान घेतला आणि म्हातारपणी हलाखी भोगली. त्यांच्या नावानं सरकार आता दरवर्षी जीवनगौरव पुरस्कार देतं. पठ्ठे बापूराव लावण्यांची रास लिहून 1945 मध्ये विपन्नावस्थेत गेले. संगीत नाटकवाल्यांना निदान राजदरबार आणि सुशिक्षितांची सहानुभूती होती. फडातल्या बाईला गावकरी रात्री डोक्यावर घेत आणि सकाळी पाणी भरायला विहिरीपासून दूर उभं करत. आम्ही ऑर्गनवाले स्वतःला कलावंत म्हणवतो तेव्हा ही बाजू विसरता कामा नये.

आज फक्त संगीत नाटक करून पोट भरतं का?

नाही. माझ्या माहितीतले सगळे जण दुसरं काहीतरी करतात: गाण्याच्या शिकवण्या, बँक, शाळा, मैफली. कलाकाराला प्रयोगामागं 'नाईट' मिळते. महिन्याला दोन-चार प्रयोग लागले तर वर्ष चांगलं म्हणायचं. साथीदारांची नाईट नटांहून कमी, आणि नेपथ्य लावणाऱ्या मुलांची त्याहून कमी. राज्य सरकारच्या संगीत नाट्य स्पर्धेमुळं दरवर्षी नव्या संहिता उभ्या राहतात, वृद्ध कलावंतांना मानधनाची योजना आहे. अर्ज करायला लाजू नका, हे मी प्रत्येक ज्येष्ठाला सांगतो. कागद जमवताना अडचण येते ती पुराव्यांची: तीस-चाळीस वर्षांपूर्वीच्या प्रयोगांच्या जाहिराती, हँडबिलं, फोटो कुणी जपलेलेच नसतात. आत्ता काम करत असाल तर एक फाईल आजच करा.

गोव्यात परिस्थिती वेगळी आहे. तिथं देवळाच्या उत्सवात गावातलीच माणसं संगीत नाटक उभं करतात. दुकानदार, शिक्षक, शेतकरी, सगळे. पैशाचा प्रश्नच नसल्यामुळं तिथली परंपरा जास्त तगून राहील असं मला वाटतं.

मला शिकायचं आहे. काय करू?

गाणं शास्त्रीयच शिका, निदान चार-पाच वर्षं. पद थेट रेकॉर्डवरून उचलू नका. आधी संहिता वाचा, ते पात्र त्या क्षणी कुणाशी आणि काय बोलतं आहे ते समजून घ्या. नुसतं पद छान गाणारी मुलं भरपूर आहेत. गद्यातून पद्यात शिरताना आवाज न बदलणारी फार थोडी. शेवटचं वाक्य बोलता बोलता सुरात यायचं असतं, ऑर्गनकडं न बघता. हे जमण्यासाठी तालमीला वादक हवा. ध्वनिमुद्रित साथीवर घोकलेलं पद प्रयोगात पहिल्या टाळीलाच कोसळतं, कारण यंत्र थांबत नाही आणि मी थांबतो.

घसा सांभाळा. जागरणं टाळा. बसलेल्या आवाजावर ज्येष्ठमध आणि खडीसाखर ठीक, पण तीन आठवडे घोगरेपणा राहिला तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरकडं जायचं. जुन्या पिढीतल्या कितीकांनी ते केलं नाही.

प्रयोग संपल्यावर आत येऊन भेटलं तर चालतं का?

जरूर या. फक्त नटांना दहा मिनिटं द्या. टोप काढून घाम पुसायचा असतो, आणि पाच अंकांनंतर बोलायला घशात काही उरलेलं नसतं. तोवर तबलजींना भेटा, पडदेवाल्या पोरांना भेटा. ऑर्गनच्या खुंट्या ओढून बघायच्या असतील तर आधी मला सांगा, उजवीकडची तिसरी सैल झाली आहे.